मुलींची शाळा लेकीला शिक्षा वाटू देऊ नका

पत्र

बाई, नमस्कार. आम्ही आटपाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलीचे वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला केरळात असतात, वर्षातनं दोनदा येतात. घरी मी, सासूबाई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. थोडी डाळिंबं आहेत, शेरडं आहेत. थोरली यंदा झेडपीच्या शाळेतून आठवी पास झाली. गणितात हुशार आहे, गुरुजी म्हणतात हिला पुढं शिकवा. पण गावात पुढचा वर्ग नाही. शेजारच्या गावात हायस्कूल आहे, चार किलोमीटरवर, पोरं-पोरी एकत्र. तालुक्याला कन्याशाळा आहे, तिथं मुलींचं वसतिगृहपण आहे.

फेब्रुवारीत कुणीतरी एसटीच्या थांब्याच्या भिंतीवर तिचं नाव एका पोराच्या नावासंगं लिहिलं. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचा फोटो कुणीतरी तिच्या वडिलांना मोबाइलवर पाठवला. तेव्हापासून ते म्हणतात, "एक तर पोरींच्या शाळेत टाक, नाहीतर घरी बसव." सासूबाई म्हणतात, नणंदेच्या सासरकडचं एक स्थळ आहे, आत्ता बोलून ठेवू, दोन वर्षांनी उरकू. आणि पोरगी म्हणते, "मी काय केलंय म्हणून मला पोरींच्यात कोंडताय?" धड जेवतसुद्धा नाही.

कन्याशाळा चांगली असते का? तिथं शिकलेल्या पोरी बुजऱ्या होतात असं ऐकलंय. पुढं कॉलेजात पोरांसमोर बोलायची वेळ आली तर? वसतिगृहात ठेवू का माझ्या भावाकडं? खर्चाचं कसं? त्या लेक लाडकीचे पैसे मिळतील का? मी स्वतः नववीत शाळा सोडली, त्यामुळं मला यातलं काही कळत नाही.

— एक आई

उत्तर

ताई, आधी लेकीच्या प्रश्नाकडं वळते, कारण शाळा कुठली हे त्याच्यानंतर येतं. "मी काय केलंय?" असं ती विचारते आहे. तिनं काहीही केलेलं नाही. भिंतीवर लिहिलं एकानं, फोटो काढला दुसऱ्यानं, केरळला धाडला तिसऱ्यानं, आणि गाव, मैत्रिणी, घर सोडायची वेळ आली तिच्यावर. हा हिशेब तिला बरोबर कळतो. आपल्या माणसांनी आपल्याला विचारायच्या आधी त्या भिंतीवर विश्वास ठेवला, हे तिला लागलंय. जेवण त्यामुळं जात नाही.

म्हणून दाखला काढायला जाण्याआधी तिच्या वडिलांनी तिला फोन करावा, एवढी व्यवस्था करा. तुमच्या हाती निरोप नको, फोन स्पीकरवरही नको. "तुझी काही चूक नाही, मला माहीत आहे" हे वाक्य तिनं बापाच्या तोंडून ऐकलं पाहिजे. ते म्हणतील, असं बोलायची आपल्यात रीत नाही. तरीही बोलायला लावा. परमुलखात भट्टीसमोर बसलेल्या माणसाला गावाकडचा एक फोटो बघून काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. जवळ असते तर थांब्यावर जाऊन त्यांनी स्वतः ते पुसलं असतं. लांब असल्यामुळं हातात राहिला फक्त हुकूम. त्यांच्या काळजीला खोटं ठरवू नका, पण त्या काळजीची किंमत मुलीनं का मोजायची, हे त्यांना शांतपणे विचारा.

भिंतीचंही बघा. अजून ते नाव तिथं असेल तर गावातल्या दोघी-चौघींना घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि रंग मारून घ्या. तो फोटो पुढं कुणाला पाठवू नका, मात्र एक प्रत जपून ठेवा. पुन्हा काही झालं, कुणी वाटेत आडवं आलं, मागं लागलं, तर पोलिसांत जायचं. लैंगिक हेतूनं अल्पवयीन मुलीचा सारखा पिच्छा पुरवणं हा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक छळापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. हे सगळं लेकीच्या देखत करा. आई आपल्या बाजूनं उभी राहिली, हे तिनं बघायला हवं.

आता शाळा. माझं मत विचाराल तर तिला कन्याशाळेतच घाला. फक्त वडिलांनी दिलेल्या कारणासाठी घालू नका.

माझी बहुतेक सगळी नोकरी मुलींच्या शाळेत गेली, त्याआधी काही वर्षं मिश्र हायस्कूलवर होते. मुलींच्या शाळेत घातलं की मार्क वाढतात असं मी म्हणणार नाही. अभ्यासकांनाही ते ठामपणे दाखवता आलेलं नाही. घरची परिस्थिती, शिक्षक, मुलं निवडून घेतली की नाही, हे सगळं बाजूला काढलं की मार्कांतला फरक फारसा उरत नाही. मला फरक दिसला तो कामाच्या वाटणीत.

कुठल्याही मिश्र हायस्कूलमध्ये पंधरा ऑगस्टला जाऊन बघा. परेडला हुकूम देणारा मुलगा. माइकची वायर जोडणारा मुलगा. बाकं हलवणारी मुलं. मुलींकडं काय? रांगोळी, स्वागतगीत आणि पाहुण्यांसाठी शाल-नारळाचं तबक. प्रयोगशाळेत चौघांचा गट असला तर चंचुपात्र मुलाच्या हातात आणि निरीक्षणं वहीत लिहायची मुलीनं, कारण तिचं अक्षर चांगलं. संगणकावर माउस कुणाच्या हातात असतो ते सांगायला नको. यात कुणी वाईट वागत नसतं. शिक्षकही हे मुद्दाम करत नाहीत. वर्षानुवर्षं तसं घडत आलेलं असतं आणि मुलगी दहावीला पोचेपर्यंत तिनं एकदाही उपकरणाला हात लावलेला नसतो.

कन्याशाळेत ही सगळी कामं करायला मुलींशिवाय दुसरं कुणी नसतंच. बाकं त्याच उचलतात, घंटा त्याच देतात, परेडचा हुकूम त्याच देतात. स्नेहसंमेलनात पडदा अडकला तर स्टुलावर चढणारी मुलगीच असते. कबड्डीच्या मैदानावर फक्की टाकणारी, खेळणारी, पंच म्हणून शिट्टी वाजवणारी, सगळ्या मुली. वर्गात गणिताचं उत्तर चुकलं तर हसू होतं, पण मागच्या बाकावरून मुलांचा जो हुर्यो उठतो तो उठत नाही. ज्या मुली सातवीपर्यंत धडाधड हात वर करायच्या, त्या नववीत गप्प झालेल्या मी मिश्र शाळेत पाहिल्या. उत्तर येत असायचं, पण उभं राहिलं की सगळा वर्ग आपल्याकडं बघतो, हे त्या वयात नकोसं वाटतं. तुमची लेक गणितात हुशार आहे, शिवाय या फेब्रुवारीनंतर कुणी आपल्याकडं बघण्याचीच तिला धास्ती बसली असेल. नववी-दहावीची दोन वर्षं तिला ती धास्ती बाजूला ठेवून गणित करता आलं, तर ते तिच्या फायद्याचं आहे. तिला हेच कारण सांगा. "तिथं तुला कुणी बघणार नाही" असं सांगू नका, "तिथं प्रयोगशाळा तुझ्या हातात असेल" असं सांगा.

वडिलांची भीती नवी नाही आणि तिचा उपयोग करून घेणंही नवं नाही. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढली ती मुलींची. मुलांसोबत बसवायचं म्हटलं असतं तर त्या काळी एकाही घरानं मुलगी पाठवली नसती. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर यांनी पुण्यातच मुलींचं हायस्कूल सुरू केलं. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथं होती त्या जागेवर ते उभं राहिलं म्हणून आजही सगळे त्याला हुजूरपागा म्हणतात. त्यावर वर्तमानपत्रांत केवढं रण माजलं! मुलींना इंग्रजी कशाला, गणित कशाला, दिवसभर शाळेत बसल्या तर घरातली कामं कधी करणार? शाळा चालवणाऱ्यांनी लोकांची वेगळ्या शाळेची अट मान्य केली आणि आत मात्र हायस्कूलचाच अभ्यास शिकवला, इंग्रजीसकट. मला वाटतं तुम्हीही घरात असंच करा. अट वडिलांची ठेवा, आतला मजकूर लेकीचा. आणि बदल्यात त्यांच्याकडून एक शब्द घ्या, की बारावी होईपर्यंत कुणी मध्ये येणार नाही.

याच ओघात मुक्ता साळवेची आठवण काढते. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, चौदा वर्षांची, मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आज वाचला तरी त्यातला राग ताजा वाटतो. तुमच्या लेकीएवढीच होती ती. तुमची लेकही "मला का कोंडताय" असं विचारते आहे, म्हणजे शिक्षण तिच्यात रुजलंय. त्या प्रश्नाला उद्धटपणा म्हणू नका.

पोरी बुजऱ्या होतात का, असं तुम्ही विचारलंत. काही शाळांत होतात, हे खरं आहे. काही कन्याशाळा अशा चालतात की शिक्षण मागं आणि पहारा पुढं. खिडक्यांना कायम पडदे, खेळाच्या तासाला भरतकाम, प्रयोगशाळेला कुलूप, आणि दिवसातून चार वेळा "मुलीच्या जातीला हे शोभत नाही". अशा शाळेतून मुलगी बाहेर पडली की रस्ता ओलांडायलाही बिचकते. चांगल्या शाळेतली मुलगी अकरावीला मिश्र कॉलेजात गेली की पहिले काही महिने बावरते, नंतर साठ-सत्तर जणींसमोर बोलायची सवय कामाला येते. मुलांशी बोलायचं म्हणाल तर घरात धाकटा भाऊ आहे, चुलत-मावस भावंडं आहेत, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धा आणि विज्ञान प्रदर्शनं आहेत. शाळा मुलींना अशा ठिकाणी नेते का, हे मात्र विचारून घ्या.

म्हणून प्रवेशाआधी शाळा स्वतः जाऊन बघा आणि लेकीला बरोबर न्या. मुख्याध्यापिका जे सांगतील ते ऐका, पण खरी माहिती दहावीच्या मुलींकडून मिळेल. शाळा सुटताना फाटकाशी थांबून दोघींशी बोला. गणिताला आणि विज्ञानाला कायमचे शिक्षक आहेत का, की तासिकेवरचे, दर सहा महिन्यांनी बदलणारे? गेल्या महिन्यात प्रयोग स्वतःच्या हातानं केला का, की बाईंनी करून दाखवला? मैदान आहे का आणि त्यावर कुणी खेळतं का? स्वच्छतागृह तुम्ही स्वतः आत जाऊन बघा. कडी लागते का, पाणी आहे का, पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला डबा आहे का. एवढ्या साध्या गोष्टीपायी मुली महिन्याचे चार-पाच दिवस घरी बसतात आणि त्यातूनच पुढं शाळा सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणखी एक विचारा, की सखी सावित्री समिती आहे का आणि तिची बैठक होते का. २०२२ पासून राज्यातल्या शाळांना ही समिती नेमणं बंधनकारक आहे. मुलींची सुरक्षितता, शाळाबाह्य मुलींना परत आणणं, बालविवाह रोखणं अशी कामं तिच्याकडं आहेत. नुसता फलक लावलाय की एखादी मुलगी खरंच तक्रार घेऊन जाते, हेही मुलीच सांगतील.

शाळा बघून लेकीचं मन उडालं, तुमचंही भरलं नाही, तर शेजारच्या गावचं हायस्कूल वाईट नाही. चार किलोमीटर सायकलनं, गावातल्या इतर मुलींच्या सोबतीनं, अशी हजारो मुली शिकल्या आहेत. मी मिश्र शाळेच्या विरुद्ध मुळीच नाही. कुठल्याही परिस्थितीत घरी बसवणं मात्र नको. शिक्षण हक्क कायद्याची हमी आठवीपर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच आहे. त्यामुळं आठवीनंतर एखादी मुलगी नववीत दिसली नाही तर कुणी विचारायला येत नाही. गावातला वर्ग संपतो, वय चौदा होतं आणि एखादं स्थळ येतं, हे सगळं त्याच उन्हाळ्यात एकदम घडतं. तुमच्या घरी आत्ता तोच उन्हाळा आहे.

वसतिगृह की भाऊ? मी वसतिगृह म्हणेन, हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमचा भाऊ मायेचा असेल, वहिनीही असेल. पण नातेवाइकांच्या घरी राहणारी चौदा वर्षांची मुलगी मिंधी असते. कुणी सांगितलं नाही तरी ती सकाळी भांडी घासते, संध्याकाळी मामेभावंडांना सांभाळते, अभ्यासाला बसते तेव्हा रात्रीचे दहा झालेले असतात. वसतिगृहात अभ्यासाची वेळ ठरलेली असते आणि शेजारच्या कॉटवरची मुलगी गणित सोडवत असते. भावाला वेगळी जबाबदारी द्या. तो त्या गावातला तिचा स्थानिक पालक होऊ दे, आठवड्यातून एकदा जाऊन भेटू दे. वसतिगृहातही आधी बघून घ्या. अधीक्षिका रात्री तिथंच राहतात का, भेटायला येणाऱ्यांची नोंदवही आहे का, घरी फोन करायचे दिवस कोणते, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं? तिला सांगून ठेवा की कुणाच्याही वागण्यानं अंगावर काटा आला, मग तो शिक्षक असो, शिपाई असो नाहीतर नातेवाईक, तर ती तुम्हाला कधीही फोन करू शकते आणि तिच्यावर विश्वास ठेवला जाईल. फेब्रुवारीनंतर हे तिला स्पष्ट शब्दांत ऐकवणं जास्तच गरजेचं झालंय.

सासूबाईंशी कायद्याच्या भाषेत सुरुवात करू नका, पण कायदा तुम्हाला माहीत असू द्या. अठराच्या आत लग्न लावणं हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. लावून देणाऱ्यांना, त्यात बापही आला, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो; आईला कैद होत नाही, पण दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. तुमच्या सासूबाई जगावेगळं काही बोलत नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आधीच्या पाहणीत हाच आकडा २६ टक्क्यांच्या वर होता. म्हणजे कमी होतंय, पण पाच मुलींतल्या एकीच्या बाबतीत अजून तेच चालू आहे. सासूबाईंना नातीची काळजी आहे, आणि काळजी म्हटली की लग्न हा एकच उपाय त्यांना आयुष्यभर दिसला. त्यांना विचारा की त्यांचं लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं बाळंतपण कसं झालं. निवांत वेळी विचारा आणि ऐकून घ्या. पुष्कळ म्हाताऱ्या बायका हे सांगताना स्वतःच म्हणतात, की पोरीला एवढ्यात नको. नाही म्हणाल्या तरी "बोलून ठेवू" याला मात्र ठाम नकार द्या. बोलून ठेवलेलं स्थळ मुलीच्या डोक्यावर बसून राहतं, दहावीच्या परीक्षेलाही तिच्यासोबत येतं. नणंदेकडं निरोप वडिलांनी पाठवू दे, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडं येणार नाही.

खर्चाचं तुम्हाला वाटतं तेवढं ओझं नाही. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. वह्या, गणवेश, वसतिगृहाचं जेवण याला पैसे लागतील. वसतिगृह अनुदानित असेल तर ते कमी असतात, संस्थेचं स्वतःचं असेल तर दर विचारून घ्या. रोज घरून जायचं ठरलं तर खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. तिनं आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती का, ते गुरुजींना आजच विचारा. त्यात निवड झाली असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नववीत अर्ज भरून दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. शाळा बदलताना हे नूतनीकरण राहून जातं आणि पैसे बंद होतात. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. बँकेचं खातं तिच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. लेक लाडकी योजना मात्र १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, त्यामुळं तुमच्या लेकीला लागू होत नाही. गावात कुणी त्याचे फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पुढचं आत्ताच बघून ठेवा. तुमच्या तालुक्यातली ती शाळा दहावीपर्यंत आहे की तिथं अकरावी-बारावीही आहे? असली तर विज्ञान शाखा आहे का? बऱ्याच कन्याशाळांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत फक्त कला शाखा असते आणि गणितात हुशार असलेली मुलगी "आहे त्या शाळेतच बरं" म्हणून कला घेते. कला शाखा वाईट नाही, पण ती तिनं निवडलेली असावी. विज्ञान नसेल तर अकरावीला मिश्र कॉलेजात जावं लागेल, आणि हे वडिलांना आत्ताच सांगून ठेवा. दहावीच्या निकालादिवशी फोनवर नवी लढाई नको. बारावीनंतरची दारंही पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहेत. २०२४-२५ पासून, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारनं पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. गलाईच्या कमाईवर इंजिनीअरिंग परवडणार नाही असं तिचे वडील म्हणतील तेव्हा हे त्यांना सांगा.

"मला यातलं काही कळत नाही" असं तुम्ही शेवटी लिहिलंत. शाळांची तुलना केलीत, लेकीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत, वसतिगृह की भाऊ हा नेमका प्रश्न विचारलात. तुम्हाला कळतंय. नववीत शाळा सोडलेल्या बाईला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. बोर्ड दर वर्षी त्याच्या तारखा जाहीर करतं, तुमचा जुना शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. लेक दहावीला जाईल त्या वर्षी तुम्हीही बसलात तर घरात अभ्यासाची पुस्तकं एकच पुरतील. घाई नाही, पण विचार करा.

शाळा ठरली की झेडपीच्या शाळेतून दाखला काढताना तिथल्या तिथं नीट वाचा. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात आणि आधार कार्डावरचं स्पेलिंग जुळतंय का बघा. जन्मतारीख दोनदा तपासा, आकड्यांत आणि अक्षरांतही. चूक असेल तर जन्माचा दाखला दाखवून आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर चढलेली चूक काढताना फार पायपीट होते. हा दाखला शिष्यवृत्तीला लागतो, कॉलेजला लागतो, आणि उद्या घरात कुणी तिचं वय अठरा झालं असं म्हणायला लागलं तर पुरावा म्हणूनही हाच लागतो. त्याच्या दोन-तीन झेरॉक्स करा. एक लेकीच्या पेटीत आणि एक तुमच्याकडं राहू द्या.